मोडेमला चॅनल देतो कोण?

आमचे घर रत्नागिरीत मिऱ्याच्या बाजूला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर केबलचे इंटरनेट रोज संध्याकाळी तुटू लागले, तेव्हा शेजारच्या काकांनी ठामपणे सांगितले, "तुझ्या मोडेमने चुकीचे चॅनल धरले आहे, बदलून घे." त्यांच्या मनात वायफायचे चॅनल होते. ते आपल्याला घरबसल्या बदलता येते. केबलवरचे चॅनल मात्र आपण निवडत नाही आणि मोडेमही निवडत नाही. ते केबलवाल्याच्या कंट्रोल रूममधले सीएमटीएस नावाचे यंत्र देते.

एकाच कोॲक्स वायरमधून टीव्हीची आणि इंटरनेटची चॅनल्स शेजारी शेजारी, वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर धावत असतात. युरोपीय पद्धतीत इंटरनेटचे उतरते, म्हणजे केबलवाल्याकडून घराकडे येणारे चॅनल ८ मेगाहर्ट्झ रुंद असते, अमेरिकी पद्धतीत ६. आठ मेगाहर्ट्झच्या चॅनलमधून सेकंदाला सुमारे ५० मेगाबिट मिळतात, पण ते त्या वायरवरच्या सगळ्या घरांत वाटले जातात.

मोडेम चालू झाला की आधी मागच्या वेळी जमलेली फ्रिक्वेन्सी आठवून तिथे पाहतो आणि तिथे काही मिळाले नाही तर सगळा पट्टा चाळत जातो. त्याचा स्वतःचा निर्णय एवढाच. उतरता सिग्नल पकडला की परतीच्या, म्हणजे घराकडून केबलवाल्याकडे जाणाऱ्या वाटा कोणत्या आणि बोलण्याची वेळ कोणती, हे सीएमटीएसच त्याला त्या सिग्नलवरून कळवते. मग मोडेम हळू आवाजात हाक घालतो आणि उत्तर येईपर्यंत आवाज पायरीपायरीने वाढवत नेतो. हाक पोहोचली की सीएमटीएस त्याची वेळ आणि आवाजाची पातळी नेमकी करून देते. गरज वाटल्यास याच उत्तरात "दुसऱ्या चॅनलवर जा" असेही सांगते. त्यानंतर आयपी पत्ता मिळतो, सेटिंगची फाइल उतरते आणि नोंदणी होते. केबल इंटरनेट कसे चालावे हे ठरवणाऱ्या डॉक्सिस या मानकाच्या २००६ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून मोडेम आपली क्षमता कळवतो आणि सीएमटीएस त्याला एकदम अनेक चॅनल्स जोडून देते. पुढेही एखाद्या चॅनलवर गर्दी झाली, तर ते मोडेमला चालू स्थितीतच दुसरीकडे हलवू शकते.

कस्टमर केअरवाले मोडेम बंद करून चालू करायला सांगतात, आणि त्याने खरोखरच थोडा वेळ बरे वाटते. याचे कारण हेच: हा सगळा क्रम पहिल्यापासून होतो आणि कधी कधी वेगळे चॅनल हाती येते. मूळ दोष मात्र जिथल्या तिथे राहतो. मला आठवडाभर हाच सल्ला मिळत राहिला, याचे वाईट वाटते.

दोष बहुतेक वेळा परतीच्या वाटेवर असतो. युरोपीय पद्धतीत ही वाट ५ ते ६५ मेगाहर्ट्झमध्ये असते, आणि विहिरीवरच्या पंपाची ठिणगी, शॉर्टवेव्ह रेडिओ, सैल कनेक्टर अशा सगळ्यांचा गोंगाट या खालच्या फ्रिक्वेन्सींवरच जास्त होतो. त्यातही एकाच घरचा गोंगाट असता तर निभावले असते. इथे वाडीतल्या सगळ्या घरांचा गोंगाट एकाच वायरने एकाच ठिकाणी जाऊन साठतो.

शेवटी मी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाकून मोडेमचेच पान उघडले. परतीच्या सिग्नलची पातळी ५१ डीबीएमव्ही (सिग्नलचा जोर मोजायचे एकक) होती, म्हणजे मोडेम जवळजवळ घसा फोडून ओरडत होता. परतीच्या चार चॅनल्सपैकी एकच चालू होते. नोंदींमध्ये टी३ टाइमआउटच्या ओळीच ओळी होत्या; हाक घातली आणि उत्तर आले नाही, असा त्याचा अर्थ.

वायरमनला हे पान दाखवल्यावर तो काही न बोलता शिडी घेऊन माडाशेजारच्या खांबावर चढला. त्याने उतरवलेला कनेक्टर मी हातात घेऊन पाहिला. खाऱ्या वाऱ्याने आतली तांब्याची तार हिरवी पडली होती, जाळीवर पांढरी खार धरली होती, आणि वायर उलटी धरताच आतून पाण्याचे दोन थेंब पडले. त्याने दीड हात वायर कापून टाकली, नवा कनेक्टर बसवला, त्याला रबरी टेप गुंडाळली आणि पाणी आत न जाता खाली निथळावे म्हणून कनेक्टरच्या अलीकडे वायरला खाली झोळ दिला.

मोडेम पुन्हा चालू केला. पातळी ४३ वर आली आणि परतीची चारही चॅनल्स सीएमटीएसने आपणहून दिली.