कुळागरातली गाडी आणि पंपाचा प्लग

गोव्यात वाळपईच्या पुढे, म्हादईच्या खोऱ्यात एका कुळागराच्या, म्हणजे पोफळींच्या बागेच्या, वरच्या अंगाला तंबू टाकून राहायची सोय केलेली आहे. फोनवर बाकी सगळं पाच मिनिटांत ठरलं. शेवटी मी विचारलं, "काका, इलेक्ट्रिक गाडी चार्ज करता येईल ना?"

"येईल की बाय. पंधरा अँपचा प्लग आहे. गिझर चालतो त्यावर, गाडी का नाही चालणार?"

हे गिझरचं उत्तर मला सगळीकडे मिळतं आणि त्यात कुणाची लबाडी नसते. पण गिझर वीस मिनिटं चालतो आणि बंद होतो. गाडी त्याच प्लगमधून रात्रभर, न थांबता चौदा-पंधरा अँप ओढत बसते. शिवाय गिझरला अर्थिंग, म्हणजे गळलेला करंट जमिनीत उतरवणारी जोडणी, नसलं तरी तो मुकाट्याने पाणी तापवतो. गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि ते नसेल तर लाल दिवा लावून गप्प बसतो. म्हणून मी काकांना आणखी दोन गोष्टी विचारल्या: मीटरपासून प्लगपर्यंत वायर किती जाडीची आहे आणि वायरमन जवळपास असतो का. पहिलीचं उत्तर आलं नाही. दुसरीचं आलं, "शेजारचाच आहे." तेवढं मला पुरेसं होतं.

कोल्हापूरहून निघून बेळगावजवळ हायवेला फास्ट चार्जरवर गाडी भरून घेतली आणि जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरलो. उतारावर ब्रेकऐवजी मोटरच गाडी आवरते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते, त्यामुळे अंजुण्याचं धरण दिसेपर्यंत टक्केवारीत फारसा फरक नव्हता. (घाटमाथ्यावरून शंभर टक्के भरून निघणाऱ्यांना हा फायदा मिळत नाही, बॅटरीत जागाच नसते.) केरी, साखळी, होंडा करत मुक्कामाला पोचलो तेव्हा ५२ टक्के उरले होते. माझी बॅटरी ३० युनिटांची. म्हणजे साडेचौदा युनिट भरायचे, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून सोळा-सतरा. साध्या प्लगवर तासाला तीन युनिटांच्या आसपास जातात. रात्री दहाला लावली की पहाटे चारपर्यंत काम फत्ते. तंबूत राहणाऱ्याला याहून वेगवान चार्जर लागतोच कशाला? गाडी तशीही रात्रभर उभीच असते.

तंबूंजवळच्या प्लगला लावल्यावर अपेक्षेप्रमाणे लाल दिवा लागला. काकांचा मुलगा धावत आला, "कितें जालें गो ताई?"

वायरमन आला तो टेस्ट लॅम्प घेऊनच: होल्डरमध्ये १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि बाहेर काढलेल्या दोन वायरी. फेज आणि न्यूट्रलमध्ये वायरी घातल्या, बल्ब झक्क पेटला. मग न्यूट्रलची वायर काढून वरच्या जाड, अर्थिंगच्या भोकात घातली. काहीच नाही. बोर्ड उघडला तर आत मुंग्यांनी माती भरून ठेवलेली, आणि हिरवी वायर टोकाला कापून, दुमडून, भिंतीकडे ढकलून दिलेली. ती सोलून पिनला जोडली. आता बल्ब लागला, पण काजव्यासारखा.

वरची सगळी जमीन जांभ्याची. दगड खोदून अर्थिंगचा पाइप उभा केलेला, भोवती कोळसा-मीठ कधीकाळी घातलं असेल, पण फेब्रुवारीत तिथे ओलाव्याचा मागमूस नव्हता. कोरड्या जांभ्यातून वीज जमिनीत उतरायला कबूल नसते. पाइपात दोन बादल्या मिठाचं पाणी ओतलं, बल्ब जरा उजळला, चार्जर लालच राहिला.

इथे वायरमनच्या हाताखालच्या पोराने तो नेहमीचा तोडगा काढला: प्लगच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एका तारेने जोडून टाकू, चार्जरला वाटेल अर्थिंग आहे. हा उद्योग बऱ्याच ठिकाणी सर्रास करतात आणि दिवा लगेच हिरवा होतो, हे खरं आहे. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर गाडीच्या पत्र्यालाच करंट येतो आणि पहाटे दार उघडायला गेलेला माणूस त्याला हात लावतो. मी नको म्हणायच्या आत वायरमननेच पोराला फैलावर घेतलं. त्या क्षणापासून तो माझा माणूस झाला.

उपाय काकांनीच सुचवला. "बाय, खाली पंपाकडे बघूया? तिथली माती कधी वाळत नाही."

पोफळींना रोज पाणी सुटतं. पाट वाहतात, पायाखाली सगळं लिबलिबीत. पंपघराच्या मागे, केळीच्या बुंध्याशी मोटरचं अर्थिंग पुरलेलं. तिथल्या प्लगवर टेस्ट लॅम्प लावला, तर फेज-अर्थमध्येही बल्ब तसाच झक्क. सुपारीची पोती न्यायला टेम्पो खालपर्यंत येतो, म्हणून गाडीलाही वाट होती. फक्त त्या प्लगला जुना किटकॅट फ्यूज आणि हडकुळी वायर होती. वायरमनने २० अँपचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) टाकला आणि बोर्डापासून प्लगपर्यंत चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली. त्याचे पैसे काका आणि मी निम्मे-निम्मे दिले.

एक्स्टेन्शन बोर्डाचा विषय निघालाच. घरगुती एक्स्टेन्शनवर गाडी लावू नये, वायर गुंडाळलेली असेल तर मुळीच नाही. गुंडाळीच्या आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि प्लास्टिक वितळतं. मी गाडीच प्लगजवळ नेते. चार्जिंग सुरू होऊन तास झाला की प्लगवर हात ठेवून बघते. कोमट चालतो. हात ठेववत नसेल, तर आत कुठेतरी स्क्रू ढिला आहे.

रात्री दिवा हिरवा झाला. जेवणं उरकेपर्यंत मात्र मी थांबले होते, कारण स्वयंपाकघर, तंबूंचे दिवे, गिझर सगळं एकाच जोडणीवर. सकाळी साताला काका पंप सुरू करतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, व्होल्टेज क्षणभर झोपतं आणि चार्जर बंद पडू शकतो. त्याआधी वायर काढायची असं ठरलं होतं. मध्येच तासभर वीज गेली, ती आल्यावर चार्जिंग आपोआप पुन्हा सुरू झालं. जनरेटर होता, पण छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बहुधा जमिनीशी जोडलेला नसतो, त्यामुळे चार्जर त्याला हिंग लावून विचारत नाही.

पैशाचं बोलणं निघालं तेव्हा काका बिचकले. "वीज विकायला लायसन लागतं म्हणतात. उगाच भानगड नको." ही शंका वाजवी आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच खुलासा केलाय, की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, आणि त्यासाठी २००३ च्या वीज कायद्याखाली परवाना लागत नाही. काकांचा त्यावर किती विश्वास बसला सांगता येत नाही. पण हिशेब बसला: ४८ टक्के भरले, ३० युनिटांचे साडेचौदा, वरचं नुकसान धरून साडेसोळा, युनिटला दहा रुपये. १६५ झाले. काका दीडशेच घेत होते, मी दोनशे ठेवले.

भरलेल्या गाडीने तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ पाहून आलो आणि तरीही परतीची चिंता नव्हती. चोर्ल्याला साधारण सातशे मीटर चढायचं असतं. माणसं-सामानासकट सोळाशे किलोची गाडी एवढी उचलायला नुसत्या चढाचेच तीन-साडेतीन युनिट लागतात, म्हणजे माझ्या बॅटरीचे दहा-बारा टक्के. रस्ता कापायला लागणारी वीज वेगळी. निघताना एवढं वर धरलं, की घाटात आकड्याकडे डोळे लावून बसावं लागत नाही.

मागच्या आठवड्यात काकांच्या मुलाचा फोन आला. पंपघराला पत्र्याची पडवी काढतायत, गाडीसाठी. काय काय लावू, विचारत होता. म्हटलं, वेगळा एमसीबी आहेच, त्याच्याबरोबर ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लाव, प्लग चांगल्या कंपनीचा घे आणि शंभर कामं सोडून आधी सबमीटर बसव, म्हणजे टक्केवारीचा हिशेब मांडत बसायला नको. सबमीटर लावतो म्हणाला. दर मात्र बाबांनी अजून सांगितलेला नाही.