पद्मिनी घरीच उभी केली, माझा अनुभव

जुनी गाडी घरी करतोय म्हटलं की जो तो इंजिनचं विचारतो. इंजिनचं काय नसतं हो, जीव काढतो तो पत्रा.

गाडी मामांची, १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, कोल्हापुरात शेडमध्ये बरीच वर्षं धूळ खात पडलेली. मामा म्हणाले, नेतोस तर ने, नायतर भंगारवाला विचारून गेलाय.

इंजिन जाम होतं. प्लग काढून चारी सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल मिक्स करून ओतलं, बरेच दिवस तसंच ठेवलं, मग टॉप गिअर टाकून गाडी पुढंमागं ढकलत राहिलो आणि सुटलं एकदाचं. तरी उतरवलंच. फियाट ११०० चंच साधं १०८९ सीसी इंजिन, आणि इंजिनकामाची वर्कशॉपं असलेलं कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर हाताशी असल्यावर सिलिंडरचं बोअर आणि क्रँक घासून घ्यायची चिंता कशाला. बाकी सामान मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतनं आणलं. मुंबईत टॅक्सी म्हणून ही गाडी इतकी चालली की रिंगा, बेअरिंग, गॅस्केट अजून मिळतं, पण २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीपण बंद झाल्या, त्यामुळं हँडल, बीडिंग (काचा-दारांच्या कडेच्या पट्ट्या), मागच्या लाइटच्या काचा असल्या वस्तूंना दुकानदार तोंडाला येईल तो भाव सांगतो.

मग मॅट उचलली. ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रूड्रायव्हर टोचला तर सरळ खालच्या फरशीवर. आधी कुणीतरी भोकात गोणपाट कोंबून वरनं लांबी (पुट्टी) फासलेली आणि त्यावर काळा रंग, दिसायला एकदम झकास! ह्या गाडीला वेगळी चासी नसते, बॉडीच सगळं वजन पेलते, म्हणजे फ्लोअर आणि दाराखालची पट्टी सडली की गाडीचा कणाच गेला. पत्र्याचं काम करणाऱ्या डेंटर चाचांना बोलावलं, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "बेटा, पहिलं दरवाजे लाव, मग कटर चालव." कारण असं, की सडलेला पत्रा एकदम कापला तर बॉडी मधनं बसते आणि नंतर दरवाजे काय केल्या लागत नाहीत. म्हणून आधी दारांच्या फटी मापून लिहून ठेवल्या, मग दाराच्या चौकटीत आतनं आडवे लोखंडी अँगल वेल्डिंगचे टाके मारून जोडले, एक बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरी उघडली. वेल्डिंगपण सलग ओढायचं नाही, इथं एक टाका, लांब तिकडं एक, मधे गार होऊ द्यायचं, नायतर पत्रा तापून लाटा येतात. अठरा गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, खालनं गंज रोखणारं रेड ऑक्साइड, वर अंडरकोट. सगळ्यात जास्त वेळ इथंच गेला आणि बाहेरनं बघणाऱ्याला ह्यातलं काहीच दिसत नाही.

ब्रेक चारी ड्रम, व्हील सिलिंडर आणि होज सगळे नवीनच टाकले, तिथं काटकसर नको.

रंग एनसी (नायट्रोसेल्युलोज) मारला, छोट्या कॉम्प्रेसरवर घरी जमतो आणि चुकलं तर पॉलिश पेपर मारून परत करता येतं. फक्त कोल्हापूरच्या पावसात नाही, हवेत ओल असली की रंग पांढरा पडतो, त्यामुळं दिवाळीपर्यंत गप्प बसलो. हो, प्रायमर मारताना चासी नंबरवर मास्किंग टेप लावा, आरटीओत साहेब तोच आधी बघतात. ५० वर्षं झाल्याशिवाय विंटेज नोंदणी नाही, म्हणजे आपली साधी जुनी गाडीच, दर ५ वर्षांनी रिन्यूअल.

चालते मस्त. मे महिन्यात आंबा घाट चढताना मात्र इंजिनला पेट्रोल पुरवणारा गाडीतला पंप तापून गाडी बंद पडते, मग जुने टॅक्सीवाले करायचे तसं पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबायचं. इलेक्ट्रिक पंप बसव म्हणून सगळे मागं लागलेत, बघू.