जुना बोट ट्रेलर: सांगाडा तयार, हब भरले, वायरिंग बाकी

चौदा फुटी फायबर बोटीचा हा ट्रेलर शिवसागर जलाशयावर वापरलेला. सध्या साताऱ्यात खोलून ठेवलाय. नवा न घेता हाच उभा करायचं कारण म्हणजे त्याचा उघड्या ७५×४० चॅनेलचा सांगाडा. बॉक्स पाइपच्या ट्रेलरमध्ये पाणी आत साचतं, पाइप आतून सडतो आणि वरचा रंग मात्र चकचकीत राहतो. चॅनेलचा गंज समोर दिसतो. हातोडी मारली की खणखणीत वाजतो तो भाग ठेवायचा. बद्द आवाज आला, पापुद्रे सुटले की कापायचा. इथे स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटवरचा तुकडा गेला होता, कारण त्या सांदीत लाल चिखल अडकून ओल धरतो. त्याच मापाचा चॅनेल तिरका जोड देऊन बसवला, आतून पट्टी मारली. वेल्डिंगआधी हब (चाक ज्यावर बसतं तो बेअरिंगचा डबा) काढून ठेवा आणि अर्थिंगचा चिमटा जोडाजवळच लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन रोलरवर डाग पाडतो.

नुसता रेड ऑक्साइड पाण्यात टिकत नाही. झिंक इपॉक्सी प्रायमर, वर इपॉक्सीचे दोन हात.

खरं काम हबमध्ये. घाट उतरून आलेला गरम हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या (ग्रीस आत धरणाऱ्या रबरी कड्याच्या) बाजूने पाणी ओढून घेते. काढलेलं ग्रीस दुधाळ दिसलं तर समजायचं पाणी शिरलंय. बेअरिंगचे नंबर: आत ३०२०६, बाहेर ३०२०५. रोलर बदलले तर बाहेरची रिंगही त्याच सेटची घालायची.

नवं सील घालूनही गळती थांबत नसेल तर स्टबवर (हब ज्या दांड्यावर फिरतो त्यावर) नख फिरवून बघा. जुन्या सीलच्या ओठाने तिथे चर पाडलेली असते. चर उथळ असेल तर सील दोन मिलिमीटर अलीकडे बसवलं की ओठ कोऱ्या जागेवर चालतो. खोल असेल तर लेथवाल्याकडून स्लीव्ह (वरून बसणारी पातळ नळी) करून घ्यावी. सील दुहेरी ओठाचं, स्प्रिंगची बाजू ग्रीसकडे. ग्रीस कॅल्शियम सल्फोनेटचं, रोलरमधून पलीकडे निघेपर्यंत दाबून भरलेलं. हब फिरवत नट आवळायचा, मग सैल सोडून फक्त बोटांनी घट्ट करायचा आणि स्प्लिट पिन नवीच घालायची. नट पान्याने आवळून तसाच ठेवला तर बेअरिंग जळतं.

पाटे धरणारे यू-बोल्ट नवे घेतले. भरल्या ट्रेलरने पहिले पन्नासेक किलोमीटर झाले की ते पुन्हा आवळावे लागतील, पाटे बसतात.

टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. बोट ट्रेलरचा टायर झिजण्याआधी उन्हाने तडकतो, त्यामुळे नक्षी बघून फसू नका.

आता वायरिंग. अर्थ (करंटची परतीची वाट) सांगाड्यावर न सोडता प्रत्येक दिव्याला वेगळी तार. त्यानंतर कपलरवरचं, म्हणजे गाडीला जोडायच्या तोंडावरचं वजन: बोटीसकट ५५० किलोला तिथे ३० ते ५५ किलो हवं, वजनकाट्यावर कपलर टेकवून कळतं. कमी भरलं तर ट्रेलर मागे शेपूट हलवतो, म्हणून कास-बामणोलीच्या उतारावर नेण्याआधी विंचचा खांब (बोटीचं नाक टेकतं तो) पुढे सरकवून ते जमवायचं आहे.