जमीन सोडत नाही

आईचे पाय अडायला लागले ते गेल्या दिवाळीच्या सुमारास. दुखत नव्हतं, सूजही नव्हती. पण उभी राहिली की पहिलं पाऊलच उचलेना. "अगं, जमीन सोडतच नाही मला," म्हणायची. पाय फाकवून, फरशीवर घासत चालायची आणि वळताना जागच्या जागी सात-आठ बारीक पावलं टाकायची. आम्ही गुडघ्यांना तेल चोळत बसलो. मग साडी ओली व्हायला लागली, तेही वयाच्या खात्यात टाकलं. ८१ वर्षं, ४३ किलो वजन. त्या खात्यात काहीही खपतं.

न्यूरॉलॉजिस्टनी आधी तिला चालायला लावलं, मग स्कॅन बघितला. मेंदूतल्या पोकळ्या रुंदावल्या होत्या. पण म्हातारपणी मेंदू आकसला तरी त्या तशाच दिसतात, त्यामुळे नुसत्या स्कॅनवर ठरवता येत नाही. मेंदूत रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं आणि एरवी तेवढंच शोषलंही जातं. ते बिघडल्याचा संशय होता. चाल, लघवी आणि विसरणं, तिन्हींच्या मागे हे एकच कारण असू शकतं, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

खात्रीसाठी कमरेतून तेच पाणी थोडं काढून चाल सुधारते का, ते बघायचं ठरलं. रक्त पातळ करणारी गोळी त्यांच्या सांगण्यावरून आधी बंद केली. ४० मिली काढलं, म्हणजे जेमतेम अर्धा कटिंग चहा. त्याआधी कॉरिडॉरमधली दहा मीटर चालायला तिला ३४ सेकंद लागली होती, तीन तासांनी २३. दोन्ही वेळचे व्हिडिओ मी काढून ठेवलेत. दादाला पाठवले, तर पुण्याहून लगेच फोन: "करून टाकू ऑपरेशन!"

त्याला काय जातं म्हणायला. ऑपरेशन म्हणजे शंट बसवणं: जास्तीचं पाणी निचरायला मेंदूतून कातडीखालून पोटापर्यंत नेलेली नळी. पाणी जास्त निचरलं तर कवटीच्या आत रक्त साठू शकतं, जंतुसंसर्गाची भीती वेगळीच. चालणं सुधारण्याची आशा सगळ्यात जास्त, स्मरणशक्तीची सगळ्यात कमी. पाणी काढलं त्या संध्याकाळीही तिने विचारलंच, "हे जेवले का?" बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.

तरी मी 'हो'कडे झुकलेय. दोन दिवसांत चाल परत तशीच अडखळती झाली. पण त्या एका संध्याकाळी ती भिंत न धरता न्हाणीघरापर्यंत गेली होती.

मंगळवारी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी आहे, मग भूलतज्ज्ञ बघणार. गाऊन घालून दवाखान्यात यायला आई तयार नाही. निळी साडी इस्त्रीला टाकलीय.