बाळ निगेटिव्ह आलं, आता आईच्या गोळ्यांचं काय?

मी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात, काउन्सेलर आहे. एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईची मला खरी काळजी लागते ती डिलिव्हरीनंतर. पोटात बाळ असेपर्यंत बहुतेकजणी एकही गोळी चुकवत नाहीत, मग बाई बाळंतपणाला माहेरी जाते जिथे कुणालाच काही माहीत नसतं, घर पाहुण्यांनी भरलेलं, कपाट वहिनीचं, आणि गोळ्यांची बाटली हलली की खुळखुळते. एकीने आवाज येऊ नये म्हणून तिच्यात कापूस कोंबला होता. म्हणून जायच्या आधीच सेंटरवर सांगा, माहेरच्या जवळच्या एआरटी (एचआयव्हीवरच्या औषधांच्या) सेंटरमधून गोळ्या मिळायची सोय करता येते.

दुसरी अडचण बाळगुटीची. आई अंगावर पाजत असेल तर पहिले सहा महिने फक्त तेच दूध, मध नाही, गुटी नाही, पाणीसुद्धा नाही, कारण वरच्या गोष्टींनी बाळाच्या नाजूक आतड्याला इजा होते आणि विषाणूला वाट मिळते. पण हे आजीला कोण सांगणार? मी म्हणते, सरळ डॉक्टरांचं नाव घ्या, लेकीचं ऐकत नाहीत पण डॉक्टरांचं ऐकतात.

उपचारच नसतील तर १०० पैकी १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते, आईने गोळ्या वेळेत सुरू करून नीट घेतल्या तर ते प्रमाण ५ च्या खाली येतं. आपल्याकडे २०१४ पासून प्रत्येक पॉझिटिव्ह गरोदर बाईला एआरटी फुकट आणि आयुष्यभरासाठी सुरू करतात, सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असो.

आयुष्यभरासाठी, हेच घरचे विसरतात. सहा आठवड्यांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेतात, तो रिपोर्ट निगेटिव्ह आला की सगळे सुटलो म्हणतात आणि आईची गोळी मागे पडते. अहो, दूध चालू आहे तोवर धोका आहेच, शेवटची टेस्ट १८ महिन्यांनी असते! आणि दूध सुटल्यावरसुद्धा ती बाई आहेच की, तिला पण जगायचंय. औषध जणू फक्त बाळासाठीच होतं असं सगळे बोलतात त्याचा मला फार राग येतो.

आणि हो, डोल्युटेग्रावीरवाली एआरटीची गोळी रिकाम्या पोटी लोह-कॅल्शियमबरोबर घेऊ नका, नीट शोषली जात नाही, त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. काही विचारायचं असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, टोल-फ्री आहे.