गळ्यातला क्रूस

आज एमआरआयसाठी गेले होते. आत जाण्याआधी तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "ताई, धातूचं सगळं काढून ठेवा." बांगड्या आणि कानातलं पटकन निघालं. क्रूस काढताना मात्र हात थांबला. पहिल्या कम्युनियनला, म्हणजे लहानपणी चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतला तेव्हा, आजीने घातलेला, तीस वर्षांत क्वचितच उतरवलेला. घासून घासून त्यावरच्या येशूचा चेहरा पार गुळगुळीत झालाय.

मशीनच्या त्या खडखडाटात बोटं सवयीने गळ्याकडे गेली. तिथे काहीच नव्हतं. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं.

आमच्या वसईच्या आजीच्या गळ्यात क्रूस नव्हता, स्कॅप्युलर होतं. तपकिरी लोकरी कापडाचे दोन छोटे चौकोन दोरीने जोडलेले, एक छातीवर, एक पाठीवर. कार्मेल मातेचं, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या नावाचं. घामाने विटलं की १६ जुलैच्या तिच्या सणाला आजी नवं घ्यायची. "देव विसरत नाही गं, आपण विसरतो. म्हणून घालायचं," असं ती म्हणायची. ताईत म्हटलेलं तिला अजिबात खपायचं नाही.

सगळेच ख्रिस्ती घालतात असंही नाही. नगरकडची माझी प्रॉटेस्टंट मैत्रीण काहीच घालत नाही. त्यांच्या चर्चमधला क्रूसही रिकामा, कारण येशू मरणातून उठला आहे. आम्ही कॅथलिक त्याला क्रूसावर ठेवतो, कारण त्याने सोसलेलं डोळ्यांसमोर हवं असतं. मला दोन्ही पटतं.

बाहेर आले तेव्हा त्या मुलीने चेन दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत ठेवली. देवाची वस्तू द्यावी तशी. तिच्या मनगटावर गंडा होता.