बंगल्यातली वही

आमच्या नाशिकच्या मिशन शाळेच्या स्मरणिका समितीने ‘मिशनच्या दिवसांबद्दल काहीतरी’ लिहायला सांगितलं आहे. बक्षीस समारंभ, स्नेहसंमेलनं, सहली यांवर इतर मंडळी लिहितीलच. मी बंगल्यातल्या, म्हणजे परदेशी पाद्रीसाहेबांच्या घरातल्या, आणि चर्चमधल्या कामाबद्दल लिहितो. आमच्या पिढीच्या लहानपणी, म्हणजे १९५० ते ७० च्या दरम्यान, शाळेच्या आवारात जी परदेशी कुटुंबं राहिली, त्यांचा दिवस कसा जायचा हे सांगणारी माणसं आता कमी उरली आहेत. नव्या मुलांना वाटतं, साहेब रविवारी उपदेश करायचे आणि उरलेले सहा दिवस व्हरांड्यात चहा प्यायचे.

नाशिकात मिशनचं काम त्याआधी शंभर वर्षांचं. इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली, हातातलं कामही शिकली. जेकब वेनराइट हा त्यांतलाच. १८७३ मध्ये आफ्रिकेत मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले तेव्हा तिथल्या झाडावर त्यांचं नाव कोरलं ते त्याने, आणि १८७४ साली त्यांची शवपेटी घेऊन तो लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेपर्यंत गेला. प्राइसही पुढे आफ्रिकेत मोंबासाजवळ फ्रीरटाउन ही सोडवलेल्या गुलामांची वस्ती वसवायला गेले. शरणपूर रोडला रोज ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे. असो.

परदेशी कुटुंबाचं पहिलं काम धर्माचं नव्हे, पोटाचं. आमांश, विषमज्वर आणि हिवताप, या तिघांपैकी कोणीही पाद्रीसाहेबांचा महिनाभराचा कार्यक्रम उलथवून टाकू शके. म्हणून पाण्याचे नियम सगळ्यांत कडक. पाणी खळखळून उकळायचं, झाकून निववायचं, मग दोन मजली फिल्टरच्या वरच्या भांड्यात ओतायचं. फिल्टरमधल्या पांढऱ्या कँडल आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने नुसत्या पाण्यात घासायच्या. साबण लावला की छिद्रं बुजतात आणि पाण्याला चव येते. एरवी थेंबथेंब गळणारं पाणी एकाएकी भराभर येऊ लागलं तर नवा खानसामा खूश व्हायचा, पण त्याचा अर्थ कँडलला चीर गेली असा. ती कँडल त्याच दिवशी बदलायची.

पालेभाजी, कोथिंबीर, टोमॅटो पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवायचे आणि उकळलेल्या पाण्याने धुवायचे. रंग गडद केला तर भाजी काळवंडते. जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत असत, मुंग्या चढू नयेत म्हणून. त्या पाण्यात डास अंडी घालतात, त्यामुळे प्रत्येक वाटीत थोडं रॉकेल. एवढं करूनही मुंग्या आल्याच तर कपाट भिंतीला टेकलंय का ते बघायचं. नव्वद टक्के वेळा टेकलेलंच असे.

न्याहारीआधी घरातली प्रार्थना. तिला नोकरमाणसं, शिक्षक, वसतिगृहातली मोठी मुलं सगळे येत. नंतर मागच्या व्हरांड्यात दवाखाना उघडे. मडमसाहेब डॉक्टर नव्हत्या आणि तसं भासवतही नसत. डोळे येणं, खरूज, जखमा, हिवतापाच्या गोळ्या एवढ्यावर त्यांचा हात, बाकी सगळे इस्पितळात. खरजेला गंधकाचं मलम. ते नुसतं खाज सुटते तिथे लावून उपयोग नाही. अंघोळ करून गळ्यापासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, ओळीने तीन रात्री लावायचं, अंथरूण-पांघरूण उकळायचं आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं. एका मुलाला लावून बाकी चौघांना सोडलं तर पंधरवड्यात तोच मुलगा पुन्हा रांगेत. म्हणून वहीत मुलाच्या नावापुढे घरातल्या माणसांची संख्या लिहिलेली असे आणि मलम तेवढ्या डब्यांतून दिलं जाई.

दुधाच्या पावडरीचंही तसंच. परदेशातून मदत म्हणून येणारी ही पावडर थेट गरम पाण्यात टाकली की गोळे होतात आणि ते काही केल्या फुटत नाहीत. आधी थोड्या कोमट पाण्यात तिचं गंधासारखं पातळ पीठ करायचं, मग उरलेलं पाणी. एक वाटी पावडरीला साधारण चार वाट्या पाणी. ‘जास्त ताकद यावी’ म्हणून घट्ट केलं की सवय नसलेल्या पोरांची पोटं बिघडत आणि दोष पावडरीला जाई. उरलेलं दूध संध्याकाळसाठी ठेवायची सक्त मनाई होती.

माझं मत स्पष्ट सांगतो. अहवालात नाव पाद्रीसाहेबांचं असे, पगारही त्यांच्याच नावे येई, मडमसाहेबांना स्वतंत्र पगार नसे. पण मिशन चालायचं ते त्यांच्या वहीवर. दवाखान्याची नोंद, वसतिगृहाचा कोठीघराचा हिशोब, संडे स्कूलची हजेरी, बायबलबाईंचे गावोगावचे दिवस, सगळं त्या एका जाड वहीत. बायबलबाई म्हणजे घरोघरी जाऊन बायबल वाचून दाखवणाऱ्या आपल्याच मराठी बायका. दोघी-दोघींनी जायच्या, कारण एकटी बाई अनोळखी वाड्यात गेली की बोलणं होत नाही, नुसती चौकशी होते. एकीने वाचायचं आणि दुसरीने घरातल्या लेकरांना सांभाळायचं, म्हणजे सासूसुनांना दहा मिनिटं बसता येई. हे शहाणपण बायबलबाईंचं, बंगल्याने ते नुसतं वहीत लिहून घेतलं.

पैशाचा हिशोब वेगळ्या वहीत. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा रुपये-आणे-पैचे तीन रकाने खोडून दोन करावे लागले, आणि आण्याचे सहा पैसे धरायचे की सव्वासहा यावरून महिनाभर वाद चालले. पौंडाचा भाव मात्र वर्षानुवर्षं १३ रुपये ३३ पैसे. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि तोच पौंड २१ रुपयांचा झाला. वाटेल की मिशनला घबाड मिळालं. पण औषधं आणि पार्ट्‌स बाहेरून येत, ते त्याच पटीत महागले.

शनिवारची दुपार चर्चची. शिपाईमामा घंटेचा दोर तपासत. ताग पावसाळ्यात फुगतो आणि छताच्या भोकात अडकतो, शिवाय जिथे घासतो तिथेच कुजतो, म्हणून तेवढ्या भागाला चामडं गुंडाळलेलं. पहिली घंटा उपासनेच्या अर्धा तास आधी, दुसरी सुरू होताना. मयताची घंटा संथ, एकेक ठोका सुटा.

प्रभुभोजनाची, म्हणजे चर्चमध्ये भाकरी आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीची, भाकरी बंगल्यात भाजली जाई. प्याला पुसायचे रुमाल आधी साध्या गार पाण्यात खळबळायचे आणि ते पाणी मोरीत न टाकता झाडाच्या मुळाशी ओतायचं, असा रिवाज. नंतरच साबण. रुमालाला खळ घालायची नाही, खळीचं कापड ओलावा टिपत नाही. वेदीवरच्या मोठ्या कापडाला मात्र खळ हवीच, आणि ते घडी न घालता नळकांड्यावर गुंडाळून ठेवायचं. १९४९ चा दारूबंदी कायदा आल्यावर प्रभुभोजनाच्या द्राक्षारसासाठीही सरकारी परवानगी घ्यावी लागू लागली आणि किती आला, किती लागला याची नोंद ठेवावी लागे. ज्या चर्चांत न आंबलेला रस चालतो, तिथे मनुका रात्रभर भिजवून, उकळून, कुस्करून गाळत. हा रस ताज्या द्राक्षांचा करायचा म्हणाल तर नाशिकला द्राक्षांची वाण नाही, पण उकळला नाही तर आपल्या मार्चच्या उन्हात तो दोन दिवसांत फसफसतो आणि मग दारूबंदीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

गाण्याबद्दल दोन वाक्यं. इंग्रजी चालीवर बसवलेली मराठी गीतं म्हणताना मंडळी शेवटच्या ओळीला कायम मागे पडत. टाळ-मृदंगावर भजन सुरू झालं की तीच मंडळी पेटीवाल्याला मागे टाकत. नारायण वामन टिळकांच्या रचनांनी मराठी चर्चचं गाणं बदललं, ते का, हे त्या बाकांवर बसल्यावर कळत असे.

आता उपदेशाचा दौरा. पाऊस संपून वाटा वाळल्या की नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत खेड्यांत मुक्काम. त्याआधी काळ्या मातीत बैलगाडी आसापर्यंत रुतते आणि त्यानंतर रावटीत दुपार काढवत नाही. जीप येण्याआधी दोन गाड्या लागत: एकीत रावट्या, खुंट्या, वळकट्या, दुसरीत बाजाची पेटी, औषधं, पुस्तिका, पेट्रोमॅक्सची बत्ती आणि चित्रांचा कंदील, म्हणजे काचेवरची चित्रं पडद्यावर मोठी करून दाखवणारा दिवा. रावटी उंचवट्यावर, दार वाऱ्याच्या उलट बाजूला, आणि गावाच्या विहिरीपासून दूर, कारण विहिरीजवळ परक्यांनी तळ ठोकला की बायका पाण्याला येईनाशा होतात. रात्री निजताना तणावे थोडे सैल करायचे. दवाने तागाचा दोर आखडतो आणि पहाटे खुंटी उपटून रावटी अंगावर येते.

पेट्रोमॅक्समध्ये रॉकेल पाऊण टाकीपर्यंतच, वर हवेला जागा हवी. स्पिरिटने नळी पुरती तापल्याशिवाय पंप मारला की पिवळी ज्योत आणि काजळी ठरलेली. नळी तापलेली असूनही उजेड मंद असेल तर निपलच्या भोकात कचरा, तो पिनेने काढायचा. मँटल, म्हणजे बत्तीतली कापडी जाळी, एकदा जाळून घेतलं की त्याची नुसती राख उरते, गाडीच्या एका हिसक्याने ती झडते. त्यामुळे प्रत्येक मुक्कामाला नवं मँटल बांधायचं आणि काच भुशात पुरून न्यायची.

चित्रांच्या कंदिलाच्या काचा सव्वातीन इंच चौरस. त्या उलट्या घालायच्या, डोकं खाली. थंडीत गार काच एकदम कंदिलात सरकवली की वाफ धरते आणि पडद्यावर नुसतं धुकं दिसतं, कधी काच तडकतेही. म्हणून आधी सगळ्या काचा कंदिलाच्या पत्र्याजवळ कोमट करून घेत. पडदा म्हणजे दोन बांबूंत ताणलेलं पांढरं धोतर. ते पाण्याने भिजवलं की चित्र पलीकडूनही दिसतं, त्यामुळे अलीकडे पुरुष आणि पलीकडे बायका बसत. पलीकडून चित्र डावं-उजवं उलटं दिसे, पण त्याची तक्रार कोणी केल्याचं ऐकिवात नाही. चित्रं वीसच्या आत असावीत हा उपदेशकांचा अनुभव. त्यापुढे पोरं झोपतात आणि मोठी माणसं बैलांकडे बघायला उठतात.

दौऱ्यावरून आलं की टाइपरायटर. मायदेशी सोसायटीला अहवाल, आणि ज्या चर्चांच्या वर्गणीवर काम चाले त्यांना परिपत्रक. कार्बन घालून चार-पाच प्रतीच स्वच्छ निघतात, जास्त हव्या तर सायक्लोस्टाइल. या पत्रांत तिकडच्या वाचकांना आवडतं तेच जास्त यायचं, साप, वाघ, बाप्तिस्मे. फिल्टर आणि खरजेच्या डब्यांना जागा नसे. त्या पत्रांवरून मिशनचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

साहेबांची मुलं सहा-सात वर्षांची झाली की पाचगणी किंवा कोडाईकॅनालच्या निवासी शाळेत. मडमसाहेब वसतिगृहातल्या दुसऱ्यांच्या मुलांचं बघत आणि स्वतःची मुलं सुट्टीत भेटत. काही वर्षांनी मायदेशी रजा येई, तीही विश्रांती नव्हे. आज या चर्चमध्ये भाषण, उद्या त्या. बोटीच्या ट्रंकांना वेगवेगळी लेबलं, केबिनमध्ये न्यायच्या वेगळ्या, तळघरात टाकायच्या वेगळ्या. तळघरातल्यांत कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि डांबराच्या गोळ्या. जून १९६७ मध्ये सुवेझ कालवा बंद पडला आणि बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. कारभार आपल्या माणसांकडे येण्याची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी झाली होती. बंगला सोडताना मडमसाहेबांनी सामानाची यादी नव्या पाळकांच्या पत्नीच्या हाती दिली: किल्ल्यांना लाकडी बिल्ले, काय चालू, काय मोडलेलं, कोणाला काय उसनं दिलंय. पायपेटीसमोर ‘पावसाळ्यात आत दिवा ठेवणे’ असा शेरा. ती पेटी अजून आहे. कोणी दुरुस्त करणार असेल तर सांगून ठेवतो: एखादा सूर मुका झाला तर आतल्या पितळी रीडमध्ये बहुधा कचऱ्याचा कण असतो, पातळ कागद हलकेच खालून सरकवा, निघतो. सूर वाजतच राहिला तर बोटाने दाबायची पट्टी फुगली आहे किंवा खालच्या झडपेत कण आहे. भात्याचं कापड उंदरांनी कुरतडलेलं नाही ना तेवढं पाहा. आणि तेल कुठेही घालू नका.